लॉन काढलं, लव्हाळा अजून आहे

१५ लिटरची बादली आमच्या बागेतल्या नळीनं ५० सेकंदांत भरते. हे मला माहीत असण्याचं एरवी काही कारण नव्हतं. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले, वर्गणी वाढली, आणि जीएसटीची कामं करून करून आकडा दिसला की गुणाकार करायची खोड मला लागलेली आहे. मिनिटाला १८ लिटर. लॉनला रोज संध्याकाळी २५ मिनिटं पाणी. म्हणजे दिवसाला ४५० लिटर, महिन्याला साडेतेरा हजार. दहा हजार लिटरचा एक आख्खा टँकर आणि वर साडेतीन हजार. तेही अशा गवतावर, जिथं रविवारी सकाळी नवरा अनवाणी चार फेऱ्या मारायचा, त्यापलीकडे कुणाचं पाऊल पडत नव्हतं.

घर पुण्याच्या पश्चिमेला, बावधनच्या पुढे. रो-हाउस, पुढे साडेआठशे चौरस फूट जागा. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथं बांधकामाचा राडारोडा होता. कंत्राटदारानं त्यावर लाल माती ओतली, 'मेक्सिकन कार्पेट'च्या लाद्या अंथरल्या आणि दोन दिवसांत जाहिरातीसारखं हिरवंगार करून दिलं. त्या गालिच्यात दूर्वा उगवल्या की माळीकाका खुरप्यानं काढून टाकायचे, कारण पोत बिघडतो. आणि भाद्रपदात मी मंडईतून दूर्वांची जुडी विकत आणायचे. आठ वर्षं हे असं चाललं आणि घरात एकालाही त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही.

लॉन काढून आपल्याकडची झाडं लावू या, असं मी म्हटल्यावर नवऱ्यानं दोन अटी घातल्या. अनवाणी चालायला थोडा तरी तुकडा ठेवायचा, आणि उघडी माती दिसता कामा नये. पहिली अट पाळणं सोपं गेलं. दुसरीवर पुढे येतेच.

सासूबाईंचा प्रश्न जास्त अवघड होता. "आपल्याकडची म्हणजे कुठवरची गं? झेंडू काढणार का?" झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलकडची, देवळापुढचा तो पांढरा देवचाफासुद्धा अमेरिका खंडातून आलेला. या न्यायानं निम्मी परसबाग हद्दपार करावी लागली असती, आणि दसऱ्याला झेंडू नसलेलं घर मला चालवता आलं नसतं. मग मी माझ्यापुरता नियम केला: नव्यानं लावायचं ते सह्याद्रीत आणि दख्खनच्या पठारावर आपणहून उगवणारंच, जुनं आहे त्याला हात लावायचा नाही, लॉन सोडून. नावाचं मेक्सिकन गवत काढलं आणि अस्सल मेक्सिकोचा झेंडू ठेवला, असा आमचा स्वदेशीचा हिशोब.

नर्सऱ्यांमध्ये 'देशी' शब्दाचा अर्थ निराळा, हेही तेव्हाच कळलं. तिथं देशी म्हणजे कलम न केलेलं. 'देशी झाडं दाखवा' म्हटलं की देशी गुलाब आणि देशी जास्वंद पुढे येते. झाडाचं नाव घेऊनच मागावं लागतं, आणि नाव घेऊनही काय हातात पडेल याची खात्री नाही, ते आपट्याच्या वेळी कळलं. दिवाणखान्यासमोर एक आपटा हवा म्हणून रोप आणलं, खड्डा घेतला, लावलं. सासूबाई जवळ गेल्या, एक पान दुमडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा कांचन आहे." आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. हे पान चांगलं तळहाताएवढं होतं. दसऱ्याला बाजारात सोनं म्हणून कांचनाची पानं सर्रास खपवतात, हे ऐकून होते; रोपच खपवलेलं पहिल्यांदा पाहिलं. कांचन काही परका नाही, त्यामुळे तो तिथंच राहिला. आपटा पुढच्या वर्षी वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणला, हातभर उंचीचा, काळ्या पिशवीतला.

पण मी पुढे धावले. आधी लॉन काढायचं होतं.

मोबाइलवर जेवढे व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांत एकच युक्ती होती. गवत खणायचं नाही. त्यावर पुठ्ठे अंथरायचे, पाणी मारायचं, वर पालापाचोळा टाकायचा. सहा महिन्यांत गवत खाली कुजून जातं. किती छान. मे महिन्यात मी सोसायटीभर फिरून फ्रिजचे, वॉशिंग मशिनचे, ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे गोळा केले आणि निम्म्या लॉनवर अंथरले. माळीकाका हाताची घडी घालून बघत होते. ते मूळचे इंदापूरकडचे, काटकसरीनं बोलणारे. एवढंच म्हणाले, "वाळवीची सोय झाली."

तीन आठवड्यांनी पुठ्ठा उचलला तर तो हातात आलाच नाही. मातीची नक्षी तेवढी उरली होती. ज्या थंड ओल्या देशांतल्या लोकांनी ते व्हिडिओ केलेत त्यांच्याकडे वाळवी नसावी, किंवा असली तरी आमच्या बावधनच्या वाळवीइतकी मेहनती नसावी. आणि जिथं पुठ्ठा शिल्लक होता तिथं त्याला भोकं पाडून हिरवी, टोकदार पाती वर आली होती. कार्पेट खरोखरच मेलं होतं. वर आला होता तो लव्हाळा.

महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, हे शाळेत नम्रतेचं उदाहरण म्हणून शिकवतात. ज्यानं लव्हाळा खणलाय त्याला त्यात नम्रता दिसणार नाही. वर चार पाती दिसतात. खाली काळी, खरबरीत गाठ. त्या गाठीतून दोऱ्याएवढी मुळी निघते, वीतभर पुढे जाऊन दुसरी गाठ, तिथून तिसरी. पाती उपटली की दोरा तुटतो आणि गाठ आत राहते. ती एकटी पडली की जास्तच जोमानं फुटते. "ताई, याला खांडलं की याचं धा व्हत्यात," असं माळीकाका म्हणाले तेव्हा मला अतिशयोक्ती वाटली होती.

शेवटी जे केलं ते त्यांच्याच सांगण्यावरून. मेच्या उरलेल्या दिवसांत टिकाव घेऊन लाल मातीचा थर उलथून टाकला, ढेकळं फोडली नाहीत, पाण्याचा थेंब दिला नाही, आणि गाठी उन्हात उघड्या पडू दिल्या. दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्यानं वरखाली. उन्हात गाठ सुकून खडखडीत झाली की मरते. सगळ्या नाही मेल्या, पण पुष्कळ मेल्या. या खोदकामात चार इंचांखाली काय निघालं तर विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, सिमेंटच्या दोन गोण्या तशाच दगड झालेल्या, आणि मुरूम. आठ वर्षं ते लॉन या सगळ्यावर चार इंचांच्या उसन्या मातीत जगत होतं. म्हणून तर त्याला रोज पाणी लागायचं.

सगळे खूश झाले ते काळ्या दगडांवर. खोदताना निघालेले दगड रचून मी वाफ्यांना कडा केल्या आणि मधून दोन फुटांची पाऊलवाट काढली. तेव्हा केवळ दगड कुठं ठेवायचे म्हणून केलं होतं. नंतर त्या कडांनीच माझी अब्रू राखली.

१२ जूनला पहिला बरा पाऊस झाला आणि लागवड सुरू केली. कुंपणाच्या भिंतीशी करवंद. कोपऱ्यात निर्गुडी आणि अडुळसा. उन्हाच्या बाजूला तरवड, धायटी, पिवळी कोरांटी. कांचनाच्या सावलीत रानहळद आणि शतावरी. जाळीवर कुसर. मधल्या भागात मारवेल गवताचे ठोंब, गोठेवाल्या ओळखीच्या माणसाकडून आणलेले. बहिणीनं मुळशीहून तेरड्याचं बी चिमूटभर पुडीत बांधून दिलं होतं, ते सगळीकडे भिरकावलं. कळलावीचे कंद एका रोपवाटिकेतून. लावताना हातमोजे घातले, कारण कंद विषारी असतो आणि शेजारची लहान मुलं चेंडू शोधत आमच्याकडे येतात. म्हणून तो भिंतीपलीकडच्या कोपऱ्यात. टेकडीवरून एकही रोप उपटून आणलं नाही. मोह झाला होता, पण टेकडीवरचं आणून घरी जंगल करणं म्हणजे देवळातली घंटा चोरून देवघरात लावण्यासारखं.

तरवडानं मला पहिला धडा शिकवला. माळरानावर, मुरमाड उतारावर, कुणी न विचारता पिवळाधमक फुलणारं हे झुडूप. मी त्याला भरपूर शेणखत घातलं, शेजारी ठिबकची नळी दिली. चार रोपं होती. हातभर वाढली, लुसलुशीत झाली, आणि ऑगस्टमध्ये एकेक करून मुळाशी कुजून आडवी पडली. "लाडानं मेली," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी बी आणलं, गरम पाण्यात रात्रभर भिजवलं, आणि जिथं विटांचे तुकडे सर्वांत जास्त होते त्या जागी टोचलं. खत नाही, ठिबक नाही. आता तिथं तीन झुडपं माझ्या खांद्याला लागतात.

पहिल्या पावसाळ्यात मात्र तेरड्यानं सगळ्यांची तोंडं बंद केली. बी कुठं कुठं पडलं होतं देव जाणे. ऑगस्टअखेर गुलाबी, जांभळा, पांढरा असा नुसता कल्लोळ. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण झाडं शेकड्यानं असली की प्रत्येकाचे तीन दिवस निराळे पडतात आणि महिना निघतो. सासूबाईंच्या माहेरी तेरड्याच्या गौरी बसवतात. त्या वर्षी त्यांनी आमच्या अंगणातून मुळासकट तेरडा काढला, फुलपात्रात पाणी घेऊन मुळं धुतली आणि उंबऱ्यातून गौर आत आणली. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यांना इतकं गप्प आणि इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं.

मग सप्टेंबर संपला, तेरड्याची बोंडं फटाफट फुटली आणि सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला की काही घरांसमोर गवत माजलंय, साप येतील. नाव नव्हतं, पण 'काही घरां'मध्ये आमचं एकच घर होतं. पलीकडच्या काकूंनी तर खिडकीतून सापाचं पिल्लू पाहिलं होतं. सगळे काठ्या घेऊन जमले. दगडाच्या कडेवर ऊन खात बसली होती एक सापसुरळी, तकतकीत तपकिरी, चार पायांची. पाय दाखवले तरी काकूंचं समाधान झालं नाही. मी एवढं केलं की वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत हातभर कापून ठेवायला लागले आणि कडेचे दगड पुन्हा सरळ रचले. गंमत म्हणजे तक्रारी निम्म्यानं कमी झाल्या. माणसांना गवताचा त्रास नसतो. हे कुणी मुद्दाम केलंय की दुर्लक्ष झालंय, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

आणि मग मार्च आला.

याबद्दल मला कुणी सावध केलं नव्हतं. लॉन बारमाही हिरवं असतं, कारण आपण त्याला बारमाही पाणी पाजतो. आपल्या डोंगरांचा नियम तो नाही. पावसाळ्यात चार महिने धुमाकूळ, दिवाळीपर्यंत उतरती कळा, आणि होळीपासून वळीव पडेपर्यंत सगळं पिवळं, मग तपकिरी, मग जवळजवळ काही नाही. मारवेल वाळलं होतं. तेरडा कधीच मेला होता. कळलावी आणि रानहळद जमिनीत जाऊन झोपली होती, त्यांचा मागमूस नाही. पहिल्या वर्षी मी हौसेनं पावसाळी मंडळीच जास्त लावली होती, त्यामुळे मार्चमध्ये अंगण म्हणजे वाढलेली दाढी अर्धी काढून सोडलेली. शेजारच्या एका गृहस्थांनी आपुलकीनं विचारलं, "गावाला गेला होता का?" नवरा काही बोलला नाही. तो फक्त दोन नंबरच्या अटीकडे, म्हणजे उघड्या मातीकडे, चहाचा कप घेऊन बघत उभा राहायचा. ते जास्त लागायचं.

त्या दोन महिन्यांत मी तीनदा तरी लॉनवाल्याचा नंबर शोधला.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी माझ्याकडे खरी एकच सूचना आहे आणि ती या मार्चची आहे. आधी सदाहरित झुडपं लावा, फुलांचं नंतर बघू. दुसऱ्या पावसाळ्यात मी अडुळसा आणि करवंद दुप्पट केलं, कढीपत्ता बागेत पुढे आणला, आणि पावसाळी कंद त्यांच्या पायाशी सरकवले, म्हणजे ते झोपले तरी जागा उघडी पडत नाही. दुसरं, फेब्रुवारीतच वाळलेलं गवत विळ्यानं कापून वाफ्यांवर जाड अंथरायचं. माती झाकली जाते, ओल राहते, आणि उभं वाळलेलं गवत पेटण्याची भीती जाते. तिसरं, उन्हाळ्यात फुलणारं काहीतरी हवंच. धायटीला तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत फुलं आली, पानं झडलेल्या फांद्यांना चिकटलेल्या लाल-केशरी नळ्या, आणि त्याच आठवड्यात शिंजीर आले. नर उन्हात काळा-जांभळा चमकतो, फांदीला उलटा लटकून एकेका नळीत चोच घालतो आणि सतत कुणावर तरी ओरडत असतो. एप्रिलमध्ये कुसर फुलली की रात्री खिडकी उघडी ठेवतो. करवंदं मेमध्ये, ती बुलबुल आणि शेजारची मुलं आमच्या आधी संपवतात.

चुका आणखीही झाल्या. हौसेनं कुसळी गवत लावलं होतं. सोनेरी दिसतं सुंदर, पण त्याची कुसळं नवऱ्याच्या मोज्यांत अशी रुतली की मोजे फेकावे लागले. ते सगळं उपटलं. मारवेल मात्र शहाणं आहे. त्याला तुरे आले की मनोल्यांचा थवा उतरतो, एकेक काडी त्यांच्या वजनानं वाकते आणि पुन्हा उसळते.

रुई मी लावली नाही. ती गेटजवळ फरशीच्या फटीतून आपणहून आली आणि मी ठेवली. तिच्या पानामागे खसखशीएवढं पांढरट अंडं सापडलं. चार-पाच दिवसांनी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पान ती वर्तुळात कुरतडते, आधी चीक गळू देते आणि मग खाते. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून हजेरी घ्यायच्या. एक दिवस अळी नाहीशी झाली आणि दोन दिवसांनी गेटच्या गजाला खालून लटकलेला हिरवा कोष दिसला, वर सोनेरी ठिपक्यांची बारीक रेघ, सोनारानं मोजून बसवल्यासारखी. नवव्या दिवशी कोष पारदर्शक झाला, आत केशरी पंख घडी घातलेले दिसायला लागले. फुलपाखरू निघालं तेव्हा नेमकी मी एका क्लायंटशी फोनवर होते. सासूबाईंनी पाहिलं. नाव त्यांनीच नातवाकडून मोबाइलवर शोधून घेतलं, प्लेन टायगर, आणि आता सगळ्यांना त्या 'आमचा टायगर' असंच सांगतात. सापवाल्या काकू दर शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं न्यायला येतात. तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही.

चालायच्या तुकड्यात दूर्वाच आहेत, शंभरेक फूट. आठ वर्षं ज्या उपटल्या त्याच माळीकाकांनी आणून लावल्या. गणपतीची जुडी आता घरची असते. या एप्रिलमध्ये तो तुकडा आणि नवी रोपं मिळून आठवड्याला दोनदा दहा-दहा मिनिटं पाणी दिलं, म्हणजे आठवड्याचे ३६० लिटर. पूर्वी एका दिवसाला ४५० लागायचं. कष्ट मात्र कमी झाले असं म्हणणार नाही. लॉनला माणूस लागत नाही, मशिन लागतं. इथं कुठलं पातं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे ओळखणारा माणूस लागतो. मशिन विकलं तेव्हा माळीकाकांनी विचारलं होतं, "मंग मला काय काम?" त्यांचा पगार तोच आहे आणि कापलेलं जास्तीचं मारवेल ते मोटरसायकलला भारा बांधून भाच्याच्या गोठ्यावर नेतात.

लव्हाळा अजून आहे. दर पावसाळ्यात कोरांटीच्या वाफ्यात आणि दूर्वांच्या कडेला तो वर येतो, मी खुरपं घेऊन बसते, गाठ सापडेपर्यंत दोरा तुटू न देता माग काढते. सासूबाईंनी त्यातही सोय काढली. त्या गाठी म्हणजेच नागरमोथा. गेल्या दिवाळीत त्यांनी वाटीभर धुवून, वाळवून, कुटून उटण्यात घातल्या. वास सुरेख आला. माझ्या हिशोबानं, याच वेगानं जायचं तर बाग साफ व्हायला वर्षाला तीनशे-चारशे दिवाळ्या लागतील.